वाड्याचं लाकूड : बाबांचं अर्धं ऐक

पत्र :

ताई, नमस्कार. रामबागेतला आमचा जुना वाडा या उन्हाळ्यात उतरवला. सागवानी तुळया, त्यांच्यावरच्या बारीक लाकडी कड्या, छताच्या तक्तपोशीच्या फळ्या, दोन दारं आणि दारावरची गणेशपट्टी असं सगळं सध्या मागच्या अंगणात ताडपत्री गुंडाळून ठेवलंय. मी इंटिरिअर डिझाइन शिकले आहे, नोकरीही करते. या लाकडाला जुन्या लोखंडाची जोड देऊन इंडस्ट्रियल पद्धतीचं फर्निचर करावं, आधी आमच्या नव्या फ्लॅटसाठी आणि जमलं तर पुढे विकायला, असं मनात आहे. बाबा म्हणतात, व्यापारी चांगला भाव देतोय, देऊन टाकू; शिकूनसवरून अटाल्याचा, भंगाराचा धंदा करणार का? आजोबा इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, म्हणून मिलमधल्या जुन्या लोखंडाची मला फार ओढ आहे. एका दुकानदाराने मात्र सांगितलं की नवं लाकूड साखळीने ठोकून, ॲसिड मारून हुबेहूब जुनं दिसतं आणि गिऱ्हाइकाला तेवढंच हवं असतं. मग एवढी यातायात कशाला? पर्यावरणाला याचा खरंच उपयोग होतो का? दारांचं काचेखालचं टेबल करू का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर :

बाबांचं अर्धं ऐक. ज्या तुळया लांब, सरळ आणि ठणठणीत आहेत, त्या वीक. हे ऐकून तुला वाईट वाटेल, पण दहा-बारा फुटांची निरोगी सागवानी तुळई चिरून तिची टेबलं करणं ही मला उधळपट्टी वाटते. एवढ्या लांबीचं, इतकी वर्षं मुरलेलं लाकूड आता सहज मिळत नाही. ज्याला घराची माळवदं-जिने दुरुस्त करायचे आहेत, त्याला ती तुळई तुळई म्हणूनच हवी असते, आणि तिचा खरा भावही तिथेच मिळतो. तू ठेवायचं ते बाकीचं : कड्या, तक्तपोशीच्या फळ्या, टोकं खराब झालेले तुकडे. व्यापारी यांना जेमतेम किंमत देतो आणि फर्निचरला नेमकं हेच माप लागतं.

भाव ठरवायचं काम बाबांकडे सोपव. लाकूड घनफुटावर विकलं जातं. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ने भागायचं. बारा फूट लांब, आठ इंच रुंद, सहा इंच जाड तुळई म्हणजे चार घनफूट. एकाच व्यापाऱ्याचा 'चांगला भाव' ऐकून गाडी भरू देऊ नका, दोन-तीन जणांना विचारा. वाडा उतरवण्याची परवानगी, उतरवण्यापूर्वीचे फोटो, घराचे कागद एका फाइलमध्ये ठेवा. साग गाडीत घालून हलवण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन काय कागद लागतो ते विचारून या. आरा मशीनवालाही लाकूड कुठलं म्हणून विचारतो, तेव्हा ही फाइल कामी येईल.

आता ती ताडपत्री. ती आजच सोड. गुंडाळलेल्या ताडपत्रीत दमट हवा कोंडते आणि पावसाळ्यात लाकडावर बुरशी धरते. खाली विटा मांड, प्रत्येक थरामध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या आडव्या घाल, झाकण फक्त वरून असू दे, चारही बाजू मोकळ्या ठेव. हे करतानाच एकेक नग हातात येईल, तर तपासूनही घे. कडीचं जे टोक भिंतीत होतं, ते आधी बघ. भिंतीतली ओल वर्षानुवर्षं तिथेच मुरते, म्हणून मधलं लाकूड लोखंडासारखं आणि टोक मात्र कुजलेलं, असं जागोजाग आढळतं. स्क्रूड्रायव्हर दाबून बघ. सहज आत गेला तर तेवढं टोक कापून टाक. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण कडेचं फिकट लाकूड तिच्या तावडीत सापडतं. टाचणीएवढी भोकं आणि त्याखाली ताजी पिठूळ भुकटी दिसली तर किडा अजून आत आहे असं समज. तो भाग रंधून काढ आणि उरलेल्याला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाज.

मग खिळे. जुन्या कड्यांत ठोकीव खिळे असतात, डोकं गळून पडलेलं आणि वरून लाकूड मिटलेलं, त्यामुळे नजरेला दिसत नाहीत. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून सावकाश फिरव. ओढला गेला की खडूने खूण कर. एक खिळा राहिला तर रंध्याचं पातं जातं, आणि करवतीखाली आला तर माणसालाही इजा होते. चिरल्यावर फळ्या लगेच वापरू नकोस. इतकी वर्षं एका जागी दाबून बसलेलं लाकूड चिरलं की वाकतं, पिळतं. दोन-तीन आठवडे पट्ट्या घालून रचून ठेव आणि जे वाकायचं ते वाकू दे. मगच रंधा मार.

दारांना रंग असेल तर तो कोरडा घासू नकोस. हे मी कळकळीने सांगते आहे. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७पासून. त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या-हिरव्या-लाल तैलरंगात शिसं भरपूर असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. पाणी मारून ओलं घासायचं किंवा रंग काढायचं रसायन वापरायचं, चांगला मास्क लावायचा, खरवड गोळा करून पिशवीत बंद करायची. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घराबाहेर आणि त्यांच्यापासून लांब.

इंडस्ट्रियल पद्धत म्हणजे काळं लोखंड आणि खडबडीत फळी, एवढंच आता लोकांच्या डोक्यात बसलंय. मुळात ते रूप गरजेतून आलेलं आहे. फ्रान्सच्या झाव्हिए पोशार यांची १९३४ची टोलिक्स 'मॉडेल ए' खुर्ची बघ. पत्रा गंजू नये म्हणून त्याला जस्ताचा मुलामा आणि पावसाचं पाणी साचू नये म्हणून बैठकीला भोक. त्या खुर्चीतली एकही गोष्ट नुसती दिसण्यासाठी नाही. तुझ्या कामालाही हीच कसोटी लाव. बोल्ट दिसतोय तर तो काहीतरी धरून असला पाहिजे.

बोल्टांचा विषय निघालाच आहे तर सागाच्या फळीला लोखंडी चौकट कशी बसवायची ते नीट समजून घे, कारण अशी बहुतेक टेबलं इथेच फुटतात. लाकूड लांबीला जवळपास हलत नाही, पण रुंदीला हलतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी फटफटीत आणि ऑगस्टमध्ये दमट. पंचाहत्तर सेंटिमीटर रुंदीचा सागवानी पृष्ठभाग या दोन टोकांमध्ये चार ते सात मिलिमीटर कमी-जास्त होतो. लोखंडाच्या रुंदीत मात्र तेवढ्या काळात जाणवेल असा फरक पडत नाही. वेल्डरने चौकटीला आठ मिलिमीटरची गोल छिद्रं पाडली, सुताराने वरून बोल्ट गच्च आवळले, की पहिल्या उन्हाळ्यात फळी आकसायला बघते, लोखंड सोडत नाही, आणि मधोमध तड जाते. म्हणून मधली छिद्रं गोल ठेव आणि दोन्ही कडांची लांबट करून घे, आठ मिलिमीटर रुंद आणि वीस मिलिमीटर लांब, लांबी टेबलाच्या रुंदीच्या दिशेने. खाली मोठा वायसर घाल. बोल्ट फळी घट्ट बसेल इतपतच आवळ, तिला सरकायला वाव राहिला पाहिजे. लाकडात पितळी आटेदार बुश, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी बसवलीस तर टेबल दहा वेळा खोललं तरी लाकडातलं भोक सैल होणार नाही. सागाला ओलं लोखंड भिडलं की काळा डाग पडतो, तेव्हा दोघांमध्ये रबराची पातळ पट्टी दे.

खोलता येणं हा माझ्या लेखी या सगळ्या कामाचा कणा आहे. वेल्डिंग चौकटीपुरतं ठेव; लाकूड आणि लोखंड, पाय आणि चौकट यांचे जोड बोल्टचे असू देत, फेविकॉलने चिकटवू नकोस. उद्या फ्लॅट बदलला, लिफ्टमध्ये मावलं नाही, एक फळी कुजली, तर पान्याने सोडवून तेवढंच बदलता आलं पाहिजे. आपल्या इंदुरातच याचा मोठा धडा उभा आहे. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी अरण्य वसाहत आखली तेव्हा अनेक कुटुंबांना पूर्ण घर दिलंच नाही. जोतं, नळ-संडासाची सोय आणि पुढे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायची मुभा दिली. १९९५मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. पुढच्या माणसाच्या हाताला जागा ठेवणारी ही आखणी एकदा जाऊन बघून ये. टेबलासाठी इतकं कशाला, असं वाटेल, पण जा.

पर्यावरणाचं उत्तर सरळ देते. व्यापाऱ्याने तुमचं लाकूड नेलं तर ते काही वाया जात नाही, त्याच्या चौकटी-दारं होतील. म्हणजे 'जंगल वाचवलं' असं तुला म्हणता येणार नाही. फायदा केव्हा होतो? तुझ्या टेबलामुळे एखादं नवं प्लायवुडचं टेबल घ्यायचं टळलं, आणि ते टेबल खूप वर्षं टिकलं, तेव्हा. त्यातही लोखंड सगळं उलटं करू शकतं. एकशे ऐंशी बाय पंचाहत्तर सेंटिमीटर, अडीच सेंटिमीटर जाड सागाची फळी साधारण बावीस किलोची. तिच्यात साठलेला कार्बन म्हणजे पस्तीसेक किलो कार्बन डायऑक्साइड. आता तिच्याखाली पन्नास बाय पन्नास मिलिमीटरच्या, पाच मिलिमीटर जाड नव्या लोखंडी अँगलची नऊ मीटर चौकट घातलीस तर ती चौतीस किलोची होते. भारतात एक टन नवं पोलाद तयार होताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशोबाने फळीने धरून ठेवलं त्याच्या दुप्पट चौकटीने सोडलं! दणकट दिसावं म्हणून वजन वाढवणं थांबव. चाळीस बाय चाळीस मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाड चौकोनी पाइप घरगुती टेबलाला पुरतो, आणि नऊ मीटरला बावीस किलोच्या आत बसतो. शक्यतो तोही जुनाच घे.

जुनं लोखंड लोहामंडीत मिळेल. जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन जा, कारण गंजाने खाल्लेला अँगल बाहेरून पाच मिलिमीटरचा दिसतो आणि मध्ये तीनचा असतो. तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड मार, मग रंग. गंज तसाच ठेवून वर लाखेचा हात देण्याची टूम निघाली आहे. भिंतीवरच्या शेल्फला ठीक, पण जेवणाच्या टेबलाच्या पायाला नको, कपड्यांना डाग पडतात. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करायला देऊ नकोस. जस्ताच्या धुराने वेल्डरला रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

मिलच्या यंत्रांचं लोखंड मात्र वेगळं. विणायच्या मागाच्या दोन्ही बाजूंच्या जाडजूड चौकटी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात, आणि बीड साध्या वेल्डिंग रॉडने जोडलं की गार होताना तडकतं. त्याला निकेलचा रॉड लागतो, आधी तापवावं लागतं, आणि एवढं करून खात्री नसते. त्या चौकटींना ओततानाच भोकं ठेवलेली असतात; ती शोध आणि बोल्टनेच जोड.

आणि एक विनंती. 'मिलचं लोखंड' हे शब्द बिल हातात असल्याशिवाय कुठेही लिहू नकोस. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मार्गी लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. पैसे येण्याआधीच कितीतरी जण गेले. तुझ्या आजोबांच्या खात्यातल्या लोकांच्या बत्तीस वर्षांच्या वाट पाहण्याला दिवाणखान्याच्या शोभेसाठी वापरायचं असेल, तर निदान ती वस्तू खरी असली पाहिजे. खरी मिळाली तर कुठल्या खात्यातली, कशाचा भाग होती, हे लिहून दे. लोक ते वाचतात.

त्या दुकानदाराच्या साखळी-ॲसिडला तू नाही म्हण. नवं लाकूड ठोकून जुनं दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, आणि ते तुझ्या कामाचं मोलही मारतं. खऱ्या जुन्या फळीवर खिळ्याभोवतीचा काळा डाग, कडीच्या खाचेची जागा, वासा टेकून पडलेली फिकट पट्टी असते. या खुणा कशाने पडल्या ते तुला सांगता येतं. ठोकलेल्या लाकडाबद्दल तुला गप्प बसावं लागेल. नेदरलँड्समधल्या 'पीट हाइन एक' या डिझायनरने १९९० साली पदवीच्या कामासाठी टाकाऊ फळ्यांचं कपाट केलं आणि पुढे त्यावरच नाव कमावलं. फळ्यांचे मूळ रंग त्याने लपवले नाहीत, वाढवलेही नाहीत. जोडकाम मात्र अतिशय काटेकोर केलं. लाकूड कितीही खडबडीत असो, सांधा कसबी हातचा दिसला पाहिजे.

पुढे वाड्याचं लाकूड संपलं की तू बाहेरून माल घेऊ लागशील, तेव्हासाठी काही सावधगिरी. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घरात आणू नकोस. ते क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असतात, उन्हात त्यातून ते पाझरतं, कातडीला चटके देतं आणि त्यातली रसायनं कर्करोगाला कारण होऊ शकतात. शिवाय लिलावाच्या पावतीशिवाय रेल्वेचा माल जवळ असणं हाच गुन्हा ठरू शकतो. पीथमपूरच्या कारखान्यांतून येणाऱ्या, माल रचायच्या लाकडी पॅलेटवरचा शिक्का वाच. 'एचटी' असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे, गाभा ५६ अंशांवर तीस मिनिटं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते सोड. शिक्काच नसेल आणि तेलकट डाग असतील तर तेही सोड. दोनशे लिटरचे पिंप कापून खुर्च्या करतात. त्यात आधी काय होतं ते कळल्याशिवाय ग्राइंडर लावू देऊ नकोस. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपात वाफ उरलेली असते आणि ठिणगीने ते बॉम्बसारखं फुटतं, माणसं यात जीव गमावतात. जुन्या शेडचे सिमेंटी नालीदार पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, त्यांना हातच नको.

पॉलिशला जवसाचं उकळलेलं तेल छान, सागाचा रंग उघडतो. पण तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकलीस तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळव नाहीतर पाण्यात बुडव. जेवणाच्या टेबलाला तेल पुरत नाही, वर पॉलियुरेथेनचे पातळ हात दे.

दारांविषयी. काचेखालचं टेबल मला आवडत नाही. दार उभं राहण्यासाठी घडलेलं असतं. आडवं टाकून वर काच ठेवली की त्याच्या कोरीवकामात धूळ साचते आणि काढता येत नाही. दोन खोल्यांमध्ये सरकतं दार म्हणून लाव, वर लोखंडी पट्टीचा ट्रॅक. तुला हवी ती इंडस्ट्रियल जोड तिथे शोभेलही आणि कामाचीही होईल. गणेशपट्टी नव्या फ्लॅटच्या दारावर, चौकटीच्या वर, जिथे ती होती तशीच बसव. तिच्यावर पाय, चप्पल, चहाचे कप यातलं काही यायला नको, आणि याबाबत बाबांचं मत वेगळं असेल असं मला वाटत नाही.

बाबांच्या अटाल्याच्या रागावर एक हकीकत सांग. चंडीगढच्या सरकारी कचेऱ्यांसाठी १९५०च्या दशकात वास्तुरचनाकार पिएर जानेरे यांनी सागाच्या आणि वेताच्या खुर्च्या काढल्या. कचेऱ्यांनी त्या गच्चीवर ढीग घालून अटाल्याच्या भावात विकल्या, आणि पुढे त्याच खुर्च्या परदेशातल्या लिलावांत लाखोंना गेल्या. यावरून तुझी टेबलं लाखोंना जातील असं मुळीच नाही. पण तयार केलेल्या वस्तूची पारख कोण करतो यावर तिचा भाव ठरतो, हे बाबांना पटू शकेल. त्यांची दुसरी काळजी पैशाची आहे आणि ती रास्त आहे. या कामात माल स्वस्त पडतो, मजुरी नाही. खिळे काढणं, टोकं कापणं, रंग खरवडणं यात जाणारे तास पहिल्या नगापासून वहीत लिही. बहुतेक जण हे तास धरतच नाहीत, आणि वर्षभराने त्यांना कळतं की आपण सुताराच्या मजुरीपेक्षा कमीवर राबलो.

पहिला नग टेबल नको, बाक कर. बसायची उंची पंचेचाळीस सेंटिमीटर, रुंदी पस्तीस-चाळीस. रुंदी कमी म्हणून लाकडाची हालचालही दोन-चार मिलिमीटरचीच, चूक झाली तरी दोन फळ्यांवर निभावतं, आणि बोल्ट, बुश, लांबट छिद्रं, पॉलिश या सगळ्यावर हात बसतो. दिवाळीच्या सुमाराला हवा कोरडी व्हायला लागली की जोडणीला घे. मग पुढचा मे महिना त्याच्या अंगावरून जाऊ दे. जूनच्या आधी पाना घेऊन खाली वाक, कुठल्या बोल्टाजवळ फळी किती सरकली ते मोजून वहीत लिही, आणि ते आकडे बघून टेबलाची छिद्रं आख. तोवर नोकरी सोडू नकोस.